घरी बनवलेलं अ‍ॅक्रिलिकचं झाकण पुन्हा पुन्हा वाकतंय? नवी शीट आणण्याआधी हे तपासा

फिश टँकवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण बनवून ठेवलं की पहिले काही दिवस ते आरशासारखं सपाट असतं. दोन-तीन आठवड्यांत कोपरे हळूहळू वर उचलले जातात आणि मधला भाग पाण्याकडे झुकतो. मग कोणीतरी सांगतं, उलटं करून ठेवा. उलटं केलं की खरंच सरळ होतं. पंधरा दिवसांनी पाहावं तर कोपरे पुन्हा वर. ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी या चक्रात दीड वर्ष होते आणि तेवढ्या काळात तीन शीट्स बदलून झाल्या.

आमचा टँक नाशिकच्या घरात हॉलमध्ये आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वरच्या कडेला आतून दोन इंची काचेच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, त्यांवर झाकण बसतं. त्यात पर्ल गोरामीची एक जोडी, थोडे झेब्रा डॅनिओ आणि सहा डेनिसन बार्ब. दुकानात यालाच ‘मिस केरला’ म्हणतात. केरळात सह्याद्रीवरून वेगानं उतरणाऱ्या नद्यांमधला हा मासा. अंगात जोर फार. घाबरला की पाण्याबाहेर उसळी मारतो आणि ती उसळी नेमकी जिथे फट असेल तिथून बाहेर जाते. एका जानेवारीच्या सकाळी तीन इंचांचा एक बार्ब स्टँडच्या मागे फरशीवर सुकलेला सापडला. झाकण टँकवरच होतं. फक्त मागचा उजवा कोपरा पाऊण इंच उचललेला होता. त्या दिवशी मी ‘शीट स्वस्तातली असेल’ हे स्वतःला सांगणं थांबवलं आणि हे का होतं ते नीट शोधायला बसले.

आधी मी केलेले उपाय सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली शीट ३ मिमीची होती, बोर्ड आणि नावाच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानातून कापून आणलेली. ती वाकली म्हणून ५ मिमीची आणली. ती वाकायला जास्त दिवस लागले, एवढाच फरक. मग तिसऱ्या शीटला कडेनं अ‍ॅल्युमिनियमची अँगल पट्टी चिकटवली. दोन महिन्यांत एका बाजूचा जोड सुटला आणि जिथे स्क्रूसाठी भोक पाडलं होतं तिथून बारीक चिरा पसरल्या. अ‍ॅक्रिलिक तापमानानं जेवढं लांबतं-आखडतं त्याच्या साधारण एक तृतीयांशच अ‍ॅल्युमिनियम हलतं. दोघांना एकत्र बांधलं की दर दिवस-रात्रीला ते एकमेकांना ओढत राहतात.

कारण लक्षात आलं ते उन्हाळ्यात गच्चीवर. आई उडदाचे पापड वाळत घालत होती. पापड वरून सुकायला लागतो, खालची बाजू अजून ओलसर असते, आणि कडा वर वळायला लागतात. म्हणून तो मधेच उलटावा लागतो. टँकवरच्या झाकणाचं हेच चाललं होतं, आणि आकारही अगदी तोच होता: कडा वर, पोट खाली.

अ‍ॅक्रिलिक दिसायला काचेसारखं असलं तरी ते पाणी शोषतं. सतत ओलं राहिलं तर आपल्या वजनाच्या जवळपास दोन टक्के पाणी त्यात मुरू शकतं, आणि पाणी मुरलं की ते फुगतं. झाकणाची खालची बाजू चोवीस तास वाफेत असते, थेंब तिला लटकलेले असतात. वरची बाजू खोलीच्या कोरड्या हवेत, शिवाय दिव्याच्या उबेत. खालचा थर पसरतो, वरचा पसरत नाही, आणि शीटला वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उलटं केलं की कोरडी बाजू खाली जाते, ती फुगायला लागते, आधी फुगलेली वर येऊन सुकते. मधे काही दिवस दोन्ही बाजू सारख्या होतात, तेवढे दिवस झाकण सरळ दिसतं. मग तीच वाकण्याची क्रिया उलट दिशेनं पुढे चालू राहते. पापड एकदा पुरता वाळला की संपलं. झाकणाखालचं पाणी कधीच वाळत नाही.

याची खात्री बाबांच्या एका निरीक्षणानं झाली. ते म्हणाले, “श्रावणात हे आपोआप सरळ होतं, तू काही केलं नाहीस तरी.” आणि खरंच तसं होतं. पावसाळ्यात खोलीची हवाच इतकी दमट असते की वरची बाजूही ओल धरते. देवघराचं लाकडी दार त्याच दिवसांत फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसंच. उलट डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी आणि थंड, टँकमध्ये हीटर लावून पाणी २६ अंशांवर, त्यामुळे झाकणाच्या दोन बाजूंमधला फरक सगळ्यात जास्त. आमचा बार्ब जानेवारीत गेला, यात योगायोग नव्हता.

तुमचं झाकण नक्की याच कारणानं वाकतंय का?

सगळी वाकणी ओलीची नसतात, म्हणून आधी पाहून घ्या. झाकणावर आडवी-उभी एक लोखंडी पट्टी ठेवा. कोपरे वर आणि मध्य खाली असेल, आणि लांबीबरोबर रुंदीतही बाक दिसत असेल, तर ओल. नुसता मध्य खाली गेलाय, कोपरे मात्र टँकच्या आधाराच्या काचेच्या पट्ट्यांवर नीट टेकलेत, तर तो स्वतःच्या किंवा वर ठेवलेल्या दिव्याच्या वजनाचा झोळ. मध्य वर फुगलाय आणि कडा कुठेतरी घट्ट अडकल्यात, तर माप चुकलंय: झाकणाला पसरायला जागाच ठेवलेली नाही. चार फुटी शीट १० अंशांच्या फरकानं जवळजवळ १ मिमी लांबते, ओलीनं फुगते ते वेगळंच.

शंका राहिली तर झाकण काढून पुसा आणि पलंगावर सपाट, दोन्हीकडून हवा लागेल असं दोन काठ्यांवर आठवडाभर ठेवा (तेवढे दिवस टँकवर जाळी किंवा पुठ्ठा झाका, टँक उघडा ठेवू नका). आपोआप बरंचसं सरळ झालं तर दोष ओलीचा. तसंच वाकडं राहिलं तर प्लास्टिकनं तो आकार कायमचा धरलाय, आणि तो वजनानं आलेला आहे.

वजनाच्या झोळाला उपाय सोपा आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, वजन मात्र दुपटीनंच वाढतं, त्यामुळे झोळ चौथाईवर येतो. आधाराची पट्टी मधे दिली तर आणखी कमी. दिवा झाकणावर ठेवू नका, टँकच्या काचेवर पाय टेकणारा स्टँड घ्या किंवा वरून टांगा. पण ओलीनं वाकणाऱ्या झाकणाला जाडी वाढवून फक्त वेळ मिळतो. माझ्या ५ मिमीच्या शीटनं तेच दाखवलं.

अ‍ॅक्रिलिकच हवं असेल तर

काही घरांत काच नको असते. लहान मुलं असतात, किंवा झाकण रोज उचलायचं असतं आणि मनगटात जोर नसतो. अशांनी एक सलग शीट वापरणं सोडावं. बाक तोच राहिला तरी उचललेल्या कडेची उंची लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे चार फुटी शीटचे तीन तुकडे केले तर प्रत्येकाची कड एक नवमांशच उचलली जाईल. माझ्याकडे पाऊण इंच फट पडत होती, तीन तुकड्यांत ती जेमतेम २ मिमी झाली असती. हे आधी कळलं असतं तर तो मासा आज असता. तुकडे ५ किंवा ६ मिमीचे घ्या, प्रत्येकाच्या भोवती २-३ मिमी मोकळं ठेवा, आणि आधाराच्या पट्ट्यांवर नुसते टेकवा, चिकटवू नका. पुसताना स्पिरिट किंवा अमोनियाचं काच-क्लीनर वापरू नका, त्यानं अ‍ॅक्रिलिकवर बारीक चिरांचं जाळं उठतं. साधं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

अ‍ॅक्रिलिकऐवजी पोकळ पॉलिकार्बोनेट शीट हा आणखी चांगला पर्याय. शेडच्या छपराला किंवा खिडकीवरच्या छज्जाला लावतात ती, आतून नळ्या-नळ्यांची. पॉलिकार्बोनेट पाणी अगदी थोडं शोषतं आणि त्या नळ्यांमुळे वजनाच्या मानानं खूप ताठ असतं. ६ मिमीची शीट प्रति चौरस मीटर साधारण १.३ किलो भरते, म्हणजे आमच्या टँकचं अख्खं झाकण पाऊण किलोच्या आत. फॅब्रिकेशनवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे मिळतात. नळ्यांची दिशा जिथे आधार नाही त्या अंतराला समांतर ठेवा, नाहीतर ताठपणाचा फायदा मिळत नाही. नळ्यांची तोंडं बंद केली नाहीत तर आत पाणी शिरून शेवाळ धरतं आणि ते काढता येत नाही. तोंडं बुजवायला न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेला उत्तम, पॉलिकार्बोनेटला नाही. या शीटमधून आरपार स्पष्ट दिसत नाही आणि प्रकाशही थोडा अडतो, त्यामुळे खाली वनस्पती असतील तर विचार करून घ्या.

मी शेवटी काय केलं

काच. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे हा प्रश्नच संपतो. भीती वजनाची असते, तर हिशोब सोपा आहे: प्रत्येक चौरस मीटरला प्रत्येक मिमी जाडीमागे अडीच किलो. ४ मिमी काचेचं आमच्या टँकचं एकसंध झाकण साडेपाच किलो झालं असतं, जे रोज उचलणं शक्यच नाही. म्हणून समोरच्या बाजूला तीन तुकडे, प्रत्येकी सुमारे १६ बाय १५ इंच, दीड किलोच्या आसपास. मागे तीन इंचांची पट्टी पोकळ पॉलिकार्बोनेटची, कारण फिल्टरचे पाइप, हीटरची वायर आणि एअर पंपची नळी यांच्यासाठी खाचा तिथे साध्या कटरनं कापता येतात.

काचेत खाच पाडायच्या भानगडीत पडू नका. आतल्या बाजूचा काटकोन असलेला काप काचेत केला की त्याच कोपऱ्यातून तडा जातो. कोपरा तिरका छाटून मागा, तो कोणताही काचवाला दोन मिनिटांत करून देतो. आम्ही एका तुकड्याचा समोरचा कोपरा असा छाटून घेतला, तिथून खाणं टाकतो. छाटलेली जागा बोटभरच आहे, आणि तिच्यावर एक छोटा काचेचा तुकडा सरकवून ठेवतो.

माप घेताना टँकची रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मधे. टँक क्वचितच अगदी काटकोनात असतो. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून एक सूत कमी करा. काचवाला अजूनही सुतातच बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, तर एक सूत म्हणजे ३ मिमीच्या थोडं वर. चारही कडा घासून द्यायला सांगा. काही जण मागितल्याशिवाय घासत नाहीत, आणि न घासलेली कड ओल्या हातात सुरीसारखी लागते. घरात लहान मूल असेल तर टफन्ड काच करून घ्या, पण ती एकदा तयार झाली की कापता येत नाही, त्यामुळे माप आणि छाटलेला कोपरा आधीच पक्का हवा.

मुठीसाठी काचेचेच कापून उरलेले छोटे तुकडे सिलिकॉननं उभे चिकटवले. सिलिकॉन निवडताना बाथरूमसाठीचं बुरशीरोधक घेऊ नका. त्यातलं बुरशी मारणारं औषध पाण्यात उतरतं. चिकटवल्यावर दोन दिवस झाकण टँकपासून लांब ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच बसवा.

तुमच्या टँकला वर आतल्या पट्ट्या नसतील, तर झाकण काचेच्या कडेवर बाहेरपर्यंत टेकवायचा मोह होतो. तसं केलं की दुसरा छळ सुरू होतो: वाफेचे थेंब झाकणाच्या खालून घसरत बाहेरच्या कडेपर्यंत येतात आणि स्टँडवर टपकतात. स्टँड कमर्शियल प्लायचा असेल तर सहा महिन्यांत त्याच्या कडा फुगतात. झाकण कायम कडेच्या आत बसायला हवं, म्हणजे थेंब टँकमध्येच परत पडतो. त्यासाठी दोन इंच लांब, एक इंच रुंद काचेचे सहा तुकडे वरच्या कडेपासून इंचभर खाली आतून चिकटवा. पाण्याची पातळी त्याआधी चांगली खाली घ्या. काच पुरती कोरडी हवी, ओल्या काचेवर सिलिकॉन धरत नाही.

आणि वायरचं एवढं नक्की करा: टँकमधून येणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर प्लगात न्या. झाकणाखालचं पाणी वायरवरून ओघळत जातं. ते त्या लोंबत्या वळणावरून खाली पडायला हवं, सॉकेटमध्ये जायला नको.

उन्हाळ्याचं वेगळं झाकण

काच बसवल्यावर पुढच्याच एप्रिलमध्ये दुसरी अडचण आली. दुपारी टँकचं पाणी ३१ अंशांवर जायला लागलं. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वाहत्या थंड पाण्यातल्या डेनिसन बार्बना हे लगेच जाणवतं, ते पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवायला लागतात. काचेच्या झाकणानं बाष्पीभवन थांबतं आणि बाष्पीभवनानं मिळणारा गारवाही थांबतो.

म्हणून आता आमच्याकडे झाकणाचे दोन संच आहेत. मार्चअखेर काच उतरते आणि जाळी चढते. खिडक्यांना डासांची जाळी बसवणारे कारागीर असतात, त्यांच्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत फायबरची जाळी रबरी दोरीनं बसवून घेतली. टँकचं माप दिलं, एवढंच. एका टोकाला छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं. कोकणात किंवा मुंबईला हवा आधीच दमट असल्यानं एवढा फरक पडणार नाही, नाशिक-विदर्भाकडे पडतो. पाणी मात्र झपाट्यानं उडतं. आमच्या टँकमध्ये एक इंच म्हणजे १४ लिटर, आणि पंखा चालू असताना आठवड्याला तेवढं सहज जातं. ही भर बोअरच्या पाण्यानं घालू नका. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, त्यात पुन्हा क्षाराचं पाणी ओतलं तर ते साठत जातात. आम्ही आरओचं पाणी घालतो.

जाळीबद्दल एक गोष्ट फार कळकळीनं सांगते. घरात पडून असलेली औषध लावलेली मच्छरदाणी कापून चौकटीला लावू नका. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशकं माणसाला त्या प्रमाणात फारशी बाधत नाहीत, माशांना अत्यंत विषारी असतात. डासांसाठी प्लगला लावायच्या लिक्विड मशीनमध्येही बहुधा याच वर्गाचं औषध असतं, त्यामुळे जाळीच्या दिवसांत ते टँकच्या खोलीत लावू नका, आणि एअर पंप जिथली हवा ओढतो त्या खोलीत तर अजिबात नाही.

हिवाळ्यात आणि पावसाळ्यात काचेखाली मासे गुदमरतील का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मागच्या पट्टीतल्या पाइपांभोवतीच्या खाचा आणि तुकड्यांमधल्या फटी हवेला पुरेशा आहेत, फिल्टरचं पाणी पृष्ठभाग हलवत राहिलं पाहिजे. गोरामी आणि फायटर यांना तर झाकण हवंच असतं. ते वर येऊन तोंडानं हवा घेतात, आणि थंडीत झाकणाखालची उबदार, दमट हवा त्यांना बाहेरच्या गार हवेपेक्षा मानवते. झाकण असल्यामुळे भिंतीवरची पालही टँकमध्ये पडत नाही, हा आपल्याकडच्या घरांत छोटा फायदा नाही.

झाकण चांगलं असूनही मासे वारंवार त्यावर आपटत असतील, तर तो झाकणाचा विषय राहत नाही. माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात साठणारा अमोनिया तपासा, कोणी कोणाला पळवतंय का पाहा, आणि दिवा एकदम बंद करण्याऐवजी आधी खोलीचा दिवा लावून मग टँकचा घालवा. नवे मासे सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस पाण्याची पातळी दोन इंच खाली ठेवलीत तर उसळीची ताकद तिथेच खर्च होते.

काचेवर पांढरे डाग धरतात, ते पाण्यातल्या क्षारांचे. महिन्यातून एकदा पातळ व्हिनेगर किंवा लिंबाची फोड फिरवून धुऊन घेते, पाच मिनिटांचं काम.

ती तिसरी, वाकलेली ५ मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट मी टाकली नाही. गोरामीच्या नरानं मादीला फार त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा तिचा एक तुकडा दोन्ही कडांना मोकळी जागा सोडून कापला, त्याला भोकं पाडली आणि टँकमध्ये मधे उभा पडदा म्हणून लावला. तिथे तिच्या दोन्ही बाजूंना पाणीच आहे. सात महिने झाले, ती सरळ आहे.